ग्लँड

लाँचच्या बुडाला मुद्दाम पाडलेलं भोक,
हे माझं काम.

बाकीचे सगळे फटी बुजवतात.
सुतार काथ्या ठोकतो, रंगारी लांबी ओढतो,
आणि मी पाण्याच्या रेषेखाली दीड फुटावर
एक गोल आखते.
त्यातून दांडी बाहेर जाईल, दिवसभर फिरेल,
पाण्याला मागं लोटेल,
आणि पाण्यानं मात्र आत यायचं नाही.

साताऱ्याच्या एमआयडीसीत पत्र्याच्या शेडवर माझं टेबल.
खिडकीतून समुद्र दिसत नाही.
पाहुणे विचारतात, इथं कसल्या बोटी?
मी सांगते, बामणोली, तापोळा,
शाळेचे मास्तर, सिलिंडर, बाळंतीण,
सगळं कोयनेच्या पाण्यावरूनच जातं.

खाली हसन मुजावर गनमेटलची नळी लेथला लावतात.
मायक्रोमीटर खिशात असतो. आधी बोट फिरवतात आतून:
"दोन थाऊ राहिलंय, ताई."
मग मोजतात. दोनच असतं.
नळीत रबराचं बेअरिंग, लांबीभर आठ खाचा.
तेल नाही, ग्रीस नाही,
धरणाचं पाणीच त्याला वंगण.

गेल्या साली मी हट्टानं ग्लँड काढून टाकला.
दोरीचे वेढे, नट, रोजची ठिबक,
कशाला हे जुनाट?
कार्बनच्या दोन कड्या बसवल्या,
आरशासारख्या घासलेल्या, तोंडाला तोंड, मागं स्प्रिंग.
एक थेंब नाही.
तळ इतका कोरडा
की धोंडिराम उतेकरांनी तिथं तांदळाचं पोतं ठेवलं
आणि मला फोटो पाठवला.

मे महिन्यात फोटो नाही आला. फोन आला.

बामणोलीला पाणी खूप खाली गेलेलं.
चपला हातात घेऊन चिखलातून उतरले.
पोतं भिजून फुगलेलं.
कडी काढली, तिच्यावर बारीक रेघाच रेघा,
जुन्या तबकडीसारख्या.
सुई लावली असती तर काय वाजलं असतं कोण जाणे.

उतेकरांनी नळीतला गाळ चिमटीत धरला,
चोळला, वास घेतला.
"ही काळीतली न्हाई, बाई. पांढरीतली हाय.
भिताडं इरघळली, ती अजून फिरत्यात पान्यात.
मी आईच्या कडेवर हुतो तवा."
आणि गाळ परत पाण्यात सोडला,
हात न झटकता.

मी कॅटलॉगमध्ये सगळं पाहिलं होतं:
दाब, वेग, तापमान, वाळूचं प्रमाण.
घराच्या भिंतीचं प्रमाण कुठल्या रकान्यात लिहायचं?

पुन्हा दोरी. चरबीत भिजवलेली, चार वेढे,
सांधे तिरके कापून, एकाखाली एक न येऊ देता.
कपलिंग मात्र काठावर जुळवलं नाही.
लाकडी लाँच सुकीवर एका आकाराची असते,
पाण्यात बसली की दुसऱ्या;
एक रात्र तिला तरंगू दिली,
सकाळी फटीत पाती सरकवून पाहिल्या,
वर सहा, खाली चार,
इंजिनाच्या पायाखाली पत्र्याचं एक पान.

मग नट आवळले. माझा स्वभाव.
गच्च. थेंब बंद.
नदीच्या जुन्या वळणापर्यंत गेलो नाही तोच
जळक्या चरबीचा वास.
उतेकरांनी ग्लँडवर तळवा ठेवला, चटकन उचलला:
"तापलाय. ढिला करा. त्यालाबी पानी लागतंय."

पाव फेरा उलटा.
काही नाही.
आणखी थोडा.
मग पितळेच्या कडेला एक थेंब फुगला,
लोंबकळत राहिला, पडला.
मी घड्याळ धरलं. उतेकर सुकाणू धरून
मोठ्यानं मोजत होते, माझ्यापेक्षा एक आकडा पुढं.

परत येऊन सातव्या ड्रॉइंगवर, उजव्या कोपऱ्यात,
टीप लिहिली:
गळती, मिनिटाला चार थेंब. असू द्यावी.

तपासणाऱ्या साहेबांनी तिच्याभोवती लाल गोल काढला
आणि बाजूला प्रश्नचिन्ह.
मी गोल पुसला नाही.
हसनभाईंनी प्रिंट लेथच्या वर खिळ्याला टांगली,
तेलाचा अंगठा उमटला तिच्यावर,
नेमका चारच्या शेजारी.