मारिया, दार लाव

इथं लाजाळूला ‘मारिया, दार लाव’ म्हणतात.
नदी उतरली की सासऱ्यांच्या उलट्या होडीशेजारी
ती आपसूक उगवते,
कुणी पेरत नाही, उपटायचा कुणाला वेळ नाही.
गुलाबी फूल, पावडरच्या पफाहून हलकं.
माझी जुसारा पानाला बोट लावून ओरडते:
मारिया, नवरा आला गं, दार लाव!
पानं मिटतात. देठ मान टाकतो.

तळ्यावर कुंपण घातलेल्या पाण्यात
एका पोरक्या पिल्लाला मी बाटलीनं दूध पाजते.
इथली भाषा त्याला मासा-बैल म्हणते,
आणि ते धड मासा नाही, धड बैलही नाही.
चाळीस किलोचं तान्हं.
वर येतं, शेंगदाण्याएवढ्या दोन नाकपुड्या उघडतं,
फुस्स,
की लगेच आतून कडी.
बोट लावलं तरी कडी.
हातांना त्याच्या नखंसुद्धा नाहीत,
लाजाळूला निदान काटे तरी आहेत.

सासरे तरुण होते तेव्हा
भाला नुसता दोर अडकवण्यापुरता असायचा.
जनावर दमलं की होडीतून वाकायचं,
आणि लाकडाच्या दोन खुंट्या
नाकपुड्यांत ठोकायच्या.
दार बाहेरून लावायचं.
तसली एक जोडी मिठाच्या डब्यामागे अजून आहे,
हाताळून गुळगुळीत.
मी तिथली धूळ पुसते, विचारत नाही.

काल झेनोबियो, माझे सासरे,
पहिल्यांदाच तळ्यावर आले.
काठीवर हनुवटी टेकून बसले.
मी बाटली त्यांच्या हातात दिली.
पिल्लू येईना.
पाण्याखाली करडं काहीतरी
जागच्या जागी थांबून राहिलं.
“मला ओळखतंय,” ते म्हणाले.
“छे, भूक नसेल,” मी म्हणाले,
सकाळपासून ते उपाशी होतं.

लाजाळू दहा मिनिटांत उघडते.
कधी पंधरा. जुसारानं मोजलंय,
आणि ती शपथेवर सांगते,
आपण बघत असलो की मुद्दाम उशीर करते.

दूध निवलं. त्यांनी बाटली खाली ठेवली नाही.
मी दुसरं कोमट करायला शेडमध्ये आले,
पाठ करून उभी राहिले.
रॉकेलचा स्टोव्ह फुसफुसत होता,
त्यामुळे मागे आणखी कशाचा आवाज झाला का
ते मला सांगता येणार नाही.