चार्ज

परदेशीपुऱ्याचे किसनाजी हिवाळे,
बंद मिलच्या फाटकावर एकोणीस वर्षं रात्रपाळीचे पहारेकरी.
"आत ना साचे, ना सूत, मग राखत काय होता?"
मी विचारलं, भुलीआधीच्या तपासणीत, जीभ बघता बघता.
"फाटक," म्हणाले. "आतलं कुठं आपलं असतं?"

डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत,
काडेपेटीएवढा उंचवटा.
काळीज रेंगाळलं तर ते यंत्र ढकलतं,
आणि ठोके सोडून नुसतं थरथरू लागलं
तर आतूनच लाथ घालतं.
एकदाच घातली होती, नळावर, बादली भरताना.
"म्हशीनं मारल्यागत. बादली मात्र सोडली नाही."

त्यांना सांगितलं:
डॉक्टर बाकलीवाल पित्ताशय काढतील विजेच्या सुरीनं.
सुरीची खरखर ऐकून यंत्राला वाटेल
काळीजच बिघडलं, आणि उगाच लाथ बसेल.
म्हणून तेवढा वेळ ते बंद ठेवायचं.

"म्हणजे मीही झोपणार, तेही झोपणार."
"हो."
"मग जागं कोण?"
"मी."
त्यांनी मला खालून वर पाहिलं,
नव्या बदलीवाल्याला पाहावं तसं.
"चार्ज लिहून घेता ना?"

मिलमध्ये रजिस्टर होतं.
पुढच्याची सही झाल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही.
एका रंगपंचमीला पुढचा गेरीत वाहून गेला,
हे तीन पाळ्या बसून राहिले,
कोरडे.

अतीक भोपाळहून पहाटेच्या बसनं आला.
उंचवट्यावर तबकडी ठेवली, पडद्यावर बोट फिरवलं.
"शॉक बंद, मॅडम." नऊ पंचेचाळीस. मी लिहिलं.
छातीला पाठीला चिकटवलेले पॅड,
उशाशी बाहेरचं यंत्र,
सुरीची प्लेट मांडीवर, म्हणजे वीज
खालच्या रस्त्यानं जाईल, काळजाच्या गल्लीत शिरणार नाही.
सुरी चालली की पडद्यावरची रेघ कुरतडल्यासारखी होते.
तेव्हा रेघेवर विश्वास नाही.
बोट मनगटावर, कान टुक टुक आवाजाकडे.
"सर, थोडं थोडं जाळा."
"अरे, और कितना थोडा?"

काही झालं नाही.
माझ्या धंद्यातली सगळ्यात लांब गोष्ट एवढीच असते.

अकरा छप्पनला ते खोकले, डोळे उघडले, बाहेर नेले.
लीलम्मा सिस्टरनं ओले झालेले पॅड काढून टाकले.
मी पुढच्या पोराच्या टॉन्सिलची औषधं भरायला घेतली.
पोरासाठी कोरा कागद काढावा म्हणून खालचा सरकवला,
तर त्यावर
बंद: ९.४५
चालू:

त्या दोन टिंबांपुढे काहीच नव्हतं.
अतीकला वाटलं, मॅडम सांगतील.
मला वाटलं, अतीकनं केलं असेल.
फाटक सताड उघडं, खुर्ची रिकामी,
आणि आत एक म्हातारा पाणी मागतोय.

टोपी, हिरवे कपडे, तीन जिने.
अतीक रिक्षात बसला होता, बॅग मांडीवर.
माझ्या हाकेनं पानवालासुद्धा वळला.

"शॉक चालू." बारा सात.
सही करताना पेन दोनदा अडखळलं.

किसनाजी अर्धवट ग्लानीत: "चार्ज दिला?"
"दिला," मी म्हणाले.
खोटं नव्हतं. पुरतं खरंही नव्हतं.

घरी जायच्या दिवशी त्यांनी तो कागद मागितला.
चष्मा लावला. आकडे वाचणं त्यांचं कामच होतं.
अकरा छप्पनवर एक बोट, बारा सातवर दुसरं,
मधली जागा बराच वेळ बघत राहिले.

"चहाला गेला होता होय?"

मी काही बोलले नाही.
त्यांनी घडी न घालता कागद परत दिला,
दोन्ही हातांनी,
रजिस्टर देतात तसा.