अंगठा

उद्यमबागेत एकतीस वर्षं ग्राइंडिंग केलं मोनाप्पा हुंद्रेनं.
शाफ्टवरून अंगठा फिरवून सांगायचा,
"दोन मायक्रॉन ज्यास्ती हाय. आनी घे की."
मोजलं तर दोनच निघायचे.
साहेबलोक मग
गेज तपासायला पाठवायचे.

रिटायर झाला आणि खडे बाजारातल्या
एका बंद दुकानाच्या काउंटरची जाड काच घेऊन आला.
दोन चकत्या कापून घेतल्या.
अनगोळच्या घरामागं ऑइलच्या रिकाम्या पिंपावर
एकीवर एक ठेवून घासायला लागला,
मधे पाणी, कार्बोरंडम.
सहा घासे, एक पाऊल.
सहा घासे, एक पाऊल.
शेजारची बसव्वा कुंपणावरून म्हणाली,
पिंपाला प्रदक्षिणा घालतोस,
आत कुठला देव बसवलास?

त्याच्याकडं एक इंग्रजी झेरॉक्स होती.
अक्षर लागायचं नाही त्याला, ड्रॉइंग लागायचं.
अडलं की माझ्याकडं यायचा; मी बारावी नापास,
डिक्शनरी मांडीवर घेऊन बसायचो.
'पॅराबोला'पाशी दोघंही थांबलो.
आठ दिवस थांबलो.
मग खानापूरला त्याच्या कुंभारमित्राकडं गेलो,
चाकावर परात, परातीत पाणी,
चाक फिरवलं.
पाणी कडेला चढलं, मधे खोल झालं.
"ह्ये असलं," म्हणाला,
आणि पान उलटलं.

त्याच महिन्यात रेशनच्या मशीननं
त्याचा अंगठा घेतला नाही.
पुसला, ओला केला, डावा लावला.
रेषाच नाहीत, दुकानदार म्हणाला, झिजल्यात.
पिशवी घडी करून परत आला.
बसव्वानं तांदूळ दिले,
त्यानं तिच्या गिरणीचा पट्टा ताणून दिला.

रात्री काच तपासायची होती.
कुंद्याच्या डब्याला सुईनं भोक, आत बल्ब,
समोर दाढीचं ब्लेड, त्याच्या धारेपाशी डोळा.
काच करडी दिसली, सपाट,
शिळ्या भाकरीसारखी शांत.
मग त्यानं तिच्यावर अंगठा टेकला.
तीस आकडे मोजले. उचलला.
"बघ."

डोंगर उठला होता.
येळ्ळूरचा गड उगवतीला दिसतो तसा,
एक बाजू उजळ, एक काळी.
नुसत्या उबेनं काच तेवढी फुगते.
किती? केसाच्या जाडीचे
हजार भाग केले तर त्यातले थोडे.
आम्ही आळीपाळीनं बघत राहिलो,
तो हळूहळू खाली बसेपर्यंत.
"दुकानदाराला दाखवाय पायजे," मोनाप्पा म्हणाला,
आणि पुन्हा टेकवला.

पुण्याहून काचेला चकाकी चढवून आणली.
नळी पीव्हीसीची, स्टँड जुन्या स्टुलाचा.
गच्चीवर पहिल्यांदा बसव्वाच वाकली
आणि ओरडली,
"अय्य! चंद्रग सिडुब बंदैती!"
चंद्राला देवी आल्यात.

कॉलेजातले एक सर आले होते, त्यांनी सांगितलं,
दगड आदळलेत, कोट्यवधी वर्षांपूर्वी.
ती डोळा न काढता म्हणाली,
मग एवढ्या वर्षांत पुसून कसं गेलं नाही?
सर म्हणाले, वारा नाही, पाणी नाही...
"घासणारं कुणी न्हाई तिथं," मोनाप्पा म्हणाला.

तिनं अजून एकदा बघितलं.
खाली जिन्यात पोरांची रांग भांडत होती.
मोनाप्पानं आयपीसवर उमटलेलं
तिचं हळदीचं बोट
शर्टाच्या टोकानं
हलकेच पुसलं.