लहान किंवा बरोबर

सव्वीस वर्षं मी टायपिंग शिकवलं.
बोटं कुठे टेकवायची, पाठ किती ताठ,
सहीसाठी चार ओळी मोकळ्या.
मग चार्ल्सटनहून कागद आला:
ऑगस्टपासून सगळ्या सरकारी शाळांत संगणकशास्त्र.
मुख्याध्यापकांनी आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवली
आणि ती माझ्यापाशी थांबली,
कारण कीबोर्ड मला ओळखत होता.

एवढंच कारण.

पाच दिवसांचं प्रशिक्षण, एक जाड पुस्तक,
एक टी-शर्ट, तोही मोठ्या मापाचा.
रात्री जेवणाच्या टेबलावर मी धडा वाचते,
सकाळी तोच शिकवते.
मुलांपेक्षा मी फक्त एका रात्रीनं पुढे आहे.
खाण बंद पडल्यावर रॅन्डलनं दुकान असंच रेटलं होतं,
आजचा गल्ला उद्याच्या मालाला.

यंत्रं नऊ, चालू सहा.
खाडीएवढा नाही, साधा ओढा आमचा,
पण त्याला पाणी चढलं की इंटरनेट जातं.
कुठे जातं, ते विचारू नका.

धडा पाचवा, पुनरावृत्ती.
म्हटलं, चौदा नंबरच्या बसचे थांबे छापा,
पहिल्यापासून शेवटपर्यंत.
केल्सीनं ओळी लिहिल्या, पडद्यावर नावं उतरू लागली:
बाप्टिस्ट चर्च, पेट्रोलपंप,
कोळशाची जुनी चाळण, रॉबिनेटांचं फाटक…
मोजले तर आठ.
थांबे नऊ.

गळला तो शेवटचा, टाव्हियनचा,
पूल ओलांडून वर, जिथे दरी चिंचोळी होते.
वर्ग खिदळला. टाव्हियन हसला नाही, चिडलाही नाही.
"बरोबर आहे की," म्हणाला,
"बस तिथे येतच नाही. जानेवारीपासून
पुलाशी वळते. सात टनांची पाटी लावलीय."

रात्री पावणेबाराला सापडलं.
'पेक्षा लहान'च्या पुढे
'किंवा बरोबर' लिहायचं राहून गेलं होतं.
बरोबरची खूण. वरच्या ओळीत, उजवीकडून दुसरी,
करंगळी जरा ताणावी लागते.
हजारो मुलींना मी ती शिकवली असेल.
तिच्यावाचून कुणी वाटेत राहतं
हे कधी सांगितलं नाही. मलाच कुठे ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी खूण घातली. नऊ आले.
केल्सीनं उठून नाटकातल्यासारखं लवून दाखवलं.
टाव्हियनचं मात्र आपलं चाललेलंच,
ज्या यंत्राची एक कळ उडालीय आणि
खालच्या रबरावर नखानं दाबावं लागतं, त्यावर.
मी मागे जाऊन उभी राहिले.

जर पूल बंद
तर छाप: टाव्हियन उतरतो. दीड मैल.
नाहीतर छाप: घर.

जर-तर सहाव्या धड्यात आहे.
सहावा मी अजून उघडलेला नाही.
माझी आई म्हणायची, जर-तरवर कुणाचं पोट भरत नाही;
तिच्या वेळी बहुधा ते खरंच असेल.
खुर्ची ओढून मी त्याच्या शेजारी बसले,
गुडघे टेबलाखाली मावेनात.
म्हटलं, सांग.

"आधी बंद म्हणजे काय ते सांगावं लागतं,"
तो म्हणाला. थांबला. माझ्याकडे न बघता म्हणाला,
"याला पूल माहीत नाही ना."

साडेतीनला ड्यूईनं हॉर्न दिला.
केल्सीनं नऊ थांब्यांचा कागद त्याच्या हातात ठेवला.
त्यानं चष्मा लावून सगळा वाचला, शेवटच्या ओळीसकट.
पाटी काही त्यानं लावलेली नाही.
घडी घालून कागद जाकिटाच्या खिशात ठेवला
आणि दार ओढलं.

मी वर्गात परत आले. सहावा धडा काढला.
पहिल्या पानाच्या कडेला पेन्सिलीनं
टाव्हियनचं नाव लिहून ठेवलं,
परक्या गावी जाताना
ओळखीच्या माणसाचा पत्ता जवळ ठेवतात, तसं.