पंधरा बट्ट्या

रविवारी रात्री, भुसावळात,
चाळणीवर बट्ट्या वाफवतो मी.
गव्हाचं रवाळ पीठ, मूठभर मका, ओवा, हळद.
खिडकीची काच घामेजते.

रोज तीन, पाच सकाळी. पंधरा.
हर्षला पहाटे उठून फोडी करील,
तुपात परतील, उभ्यानेच खाईल,
केस बांधत बांधत
सहाची जळगाव गाडी धरील.

मी यार्डातली रात्रपाळी संपवून सातला येतो.
कढई अजून कोमट असते.
आठवडाभर एवढीच आमची भेट.

शुक्रवारी डबा धुवायला घेतला
तर तळाशी पाच बट्ट्या.
रोज एक मागे ठेवलेली.
माझ्यासाठी,
की मीठ कमी पडलं म्हणून?

तूप तापवलं.
मीठ कमीच होतं.
पाचही खाल्ल्या.