खरं

विद्यापीठाकडून फॉर्म आलाय.
नाव, जन्मतारीख, पदवी, सेवाज्येष्ठता,
आणि तळाला: तज्ज्ञक्षेत्र, एका ओळीत.
मल्लेशी म्हणाला, सर, लौकर भरा की,
चारच्या टपालात टाकायचंय.

हुद्दार मॅडमनी उभ्या उभ्याच लिहिलं: लोकसंख्याशास्त्र.
अंगडी सरांनी: पाटबंधारे व सहकार.
मेहजबीन किल्लेदार, गेल्या जूनमध्ये लागलेली,
माणसं चुकीचे निर्णय का घेतात यावर काम करते;
तिनं लिहिलं, खोडलं, पुन्हा तेच लिहिलं.

माझं पेन अडलं.

एकतीस वर्षं निपाणीत मागणी-पुरवठा शिकवला.
पहिल्याच वर्षी तंबाखूच्या वखारीत गेलो होतो.
उपरण्याखाली दोन हात, बोटांनी बोटं दाबली जात होती,
आणि वरती गप्पा कुणाच्या तरी मुलीच्या सोयरिकीच्या.
भाव ठरला तेव्हा
मला फक्त कापड हललेलं दिसलं.
प्रबंधात लिहिलं: किंमत-निश्चितीची पारदर्शकता मर्यादित.
मार्गदर्शकांनी 'मर्यादित'खाली रेघ मारली, शाब्बास म्हणाले.

मग विडी.
दोनशे बारा घरं, चौसष्ट प्रश्न.
इंदूबाई सदलगे, प्रश्न एकोणीस: रोज किती विड्या?
मांडीवर सूप, बोटांत दोरा, मान वर न करता,
"हजार वळतो खरं, आठशेच धरतात."

पुण्याचा माझा मदतनीस, हुशार पोरगा,
त्यानं तक्त्यात भरलं: हजार.
शेरा: हे खरं असल्याचं महिलेनं सांगितलं.
त्याला कोण सांगणार,
आमच्याकडं 'पण'ला खरं म्हणतात.
शेजारची शांतव्वा कानडीत बोलते, तीही खरेच म्हणते.
दोघींमधलं हे एवढं अव्यय
अजून कुठल्या आयोगाला वाटून देता आलेलं नाही.

उरलेल्या दोनशे म्हणजे छाट.
ठेकेदार त्या बाजूला काढतो,
मोडत नाही, फेकत नाही,
आपल्या पिशवीत घालतो.
इंदूबाईच्या चौकटीवर कोळशाच्या रेघा होत्या,
पाचापर्यंत मराठीत मोजायची, पुढं कानडीत,
आणि वर्षाची छाट किती,
ज्यासाठी मला अख्खं सहावं प्रकरण लागलं असतं,
ते तिनं चुलीवरचं दूध वर यायच्या आत सांगितलं.

माझ्या समीकरणात त्याला जागा नव्हती.
मजुरी बरोबर स्थिरांक,
अधिक वय, अधिक शिक्षण, अधिक घरातली माणसं,
आणि शेवटी ती ग्रीक शेपटी, एप्सिलॉन:
आपल्याला जे जे मांडता आलं नाही ते सगळं.
छाट मी तिथं ठेवली.
ठेकेदाराची पिशवी तिथं.
कोळशाची रेघ, शांतव्वाचा खोकला,
पावसाळ्यात पानाला लागलेली बुरशी, सगळं तिथं.
आणि मग गृहीत धरलं, रीतीप्रमाणं,
की या सगळ्याची सरासरी शून्य आहे.

निबंध छापून आला. दिल्लीच्या एका विद्वानांनी 'सुबक' असं कळवलं.
एक प्रत इंदूबाईला द्यायला गेलो.
तिनं पहिलं पान अंगठा आणि तर्जनीत धरलं,
जाडी बघितली, शिरा शोधल्यासारखा उजेडात धरला कागद.
"पान चांगलं हाय," म्हणाली,
"खरं वळाय यायचं न्हाई."

पावणेचार. मल्लेशी दारात उभा.
मी लिहितो: श्रम-अर्थशास्त्र.
ओळीत अजून दोन बोटं जागा उरते.
तिथं एक स्वल्पविराम देतो
आणि लिहितो, खरं.

मल्लेशी इथलाच. फॉर्म हातात घेऊन वाचतो,
पाकिटात घालत नाही,
वाट बघत थांबतो.
"खरं... पुढं काय, सर?"