तिसरा कडुलिंब

डॉक्टरांनी साखरेसाठी चाळीस मिनिटं चालायला सांगितलं
म्हणून मी किल्ल्याच्या बागेत येऊ लागले.
घुबडासाठी नाही.

मार्च संपत आलेला. सात वाजले तरी
बाक तव्यासारखे,
तटाचे दगड दिवसभराचं ऊन
हळूहळू परत देत बसलेले.
तिसऱ्या कडुलिंबाखाली एक म्हातारा,
खांद्यावर टॉवेल, काठाचे धागे सुटलेले,
मान वर.
मला वाटलं, कुणाचा पतंग अडकलाय.

"तिकडं बघा की. मोडक्या फांदीच्या बगलेत."
फांदी दिसली. बगल दिसली.
पिंगळा दिसेना.
मग ढोलीलाच डोळे फुटले,
पिवळेजर्द,
आणि आमच्यावर रागावलेले.

सत्तय्या इराबत्ती. यंत्रमागावर एकतीस वर्षं.
खटखटीनं दोन्ही कान नेले,
म्हणून पिंगळ्यांची भांडणं त्याला ऐकू येत नाहीत.
"झाड म्हंजे कापडच," म्हणतो,
"विणीत चूक दिसली, की तिथं पाखरू."
मी ऐकते : चिंचेवर, उजवीकडे, चिरकतंय.
बोटानं दाखवते.
मग तो चूक शोधतो.

त्याची बायको म्हणते, गुड्लगूबा, संध्याकाळी नाव काढू नका.
माझी सासू गूबे म्हणायची आणि थुंकायची.
आमच्या आळीत तर पक्कं ठाऊक होतं,
घुबडाला दगड मारू नये,
ते दगड उचलून पाण्यात नेऊन ठेवतं,
तो झिजेल तसा मारणारा झिजतो.
मी हे सत्तय्याला ओरडून सांगितलं, दोनदा.
हसला.
"मी तर कधीच मारला नाही की हो दगड.
झिजलो तरी."

गेल्या आठवड्यात पालिकेची शिडी आली.
वाळक्या फांद्या, धोका, वगैरे.
तिसऱ्या कडुलिंबावर आता ताजा तांबूस गोल,
ताटलीएवढा.
तेव्हापासून सत्तय्याही नाही.
घर मला माहीत नाही,
अशोक चौकाच्या पलीकडं कुठंतरी, एवढंच.

आज पंचावन्न मिनिटं झाली चालून.
पहारेकऱ्यानं शिट्टी मारली, गेट ओढायला घेतलं,
आणि तटातल्या निखळलेल्या दगडाच्या जागेतून
चिर्रर्र, चिरक चिरक.

मला काहीच दिसलं नाही.
बोट मात्र वर गेलं होतं,
शेजारी कुणी असल्यासारखं.